मार्सेयच्या बंदरात दिलेली हाक

गुरुजी, मागच्या महिन्यात मी समुद्राच्या वाटेने एका मोठ्या शहरात शिरलो. शिडाच्या होडीने. आणि पाहुण्यासारखा टोपी सांभाळत बसलो नव्हतो, हातात दोर घेऊन उभा होतो. शहराचं नाव मार्सेय. फ्रान्स देशाच्या दक्षिण अंगाला, भूमध्य समुद्रावर. तुम्ही भिंतीवरच्या नकाशात हा समुद्र बांबूच्या छडीने दाखवायचात, आणि नकाशाला नेमकं तिथंच वाळवीने भोक पाडलेलं होतं. त्यामुळे आम्हा पोरांची बरीच वर्षं अशी समजूत होती की भूमध्य समुद्र म्हणजे शाळेच्या भिंतीतलं ते भोक. तर त्या भोकातून मी आत जाऊन आलो, असं समजा. तुम्ही गेलात तेव्हा नद्यांना पूर होता, भामरागडचा रस्ता तुटलेला होता, आणि मी इकडे गडचांदूरला चुनखडीच्या खाणीत वजनकाट्यावर नोकरीला होतो. तुमची बातमी मला पोळा उलटून गेल्यावर कळली. तेव्हापासून तुम्हाला सांगावं असं माझ्याकडे फारसं काही घडलंच नाही. ट्रक आले, तोलले, गेले. लग्न झालं, लेक झाली, रिटायर झालो. ह्या गोष्टी सगळ्यांच्याच होतात, त्या काय कळवायच्या. ही मात्र कळवण्यासारखी आहे.

लेक तिकडे राहते. दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम करते. तिथं गेल्यावर दोन-चार वर्षांत तिला होडीचा नाद लागला. सुट्टी आली की ही समुद्रावर. तिच्या आईला हे अजून पटलेलं नाही. ‘चांगली नोकरी हाय, मंग पाण्यात कायले जातेस वो माय,’ असं ती दर फोनला विचारते आणि लेक दर फोनला हसते. लेकीला ज्यांनी होडी चालवायला शिकवली ते गृहस्थ माझ्याच वयाचे. बायको नाही, मूल नाही, एक जुनी होडी आहे, निळ्या पट्ट्याची. आता गुडघे गेले म्हणून ती विकायला काढलेली, पण गिऱ्हाईक आलं की त्याचे हात बघून त्याला परत पाठवायचे. लेकीला म्हणाले, तुला देईन, पण एक अट आहे. मार्सेयच्या जुन्या बंदरात, भर गर्दीच्या वेळी, होडी पाठमोरी नेऊन धक्क्याला लावून दाखव. मी होडीतच बसेन. दोराला हात लावणार नाही, तोंड उघडणार नाही. मला एक शब्द जरी बोलावा लागला तरी होडी माझी माझ्याकडे. लेकीने ही अट मला फोनवर सांगितली तेव्हा तिचा आवाज दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा झाला होता. मला वाटलं होतं, होडी म्हणजे हौस. तो आवाज ऐकला आणि समजलं, हौस नाही. परक्या देशात माणसाला आपलं म्हणून काहीतरी लागतं. तिला ती होडी हवी होती.

पाठमोरी लावणं म्हणजे काय ते सांगतो. कोरपन्याला जिनिंगवर कापसाच्या गाड्या कशा उलट्या घालून ओळीने लावतात, एकीच्या चाकाला दुसरीचं चाक घासेल अशा? तसंच. फक्त खाली जमीन नाही. होडीला ब्रेक नाही, वारा तिला स्वतःच्या मर्जीने ढकलतो, आणि दोन्ही बाजूंना लाखमोलाच्या चकचकीत होड्या उभ्या, ज्यांच्यावर बसलेले लोक हातातला पेला खाली ठेवून तुमच्याकडे बघत राहतात. होडीची पाठ धक्क्याला दोराने बांधायची, आणि तोंडाकडून एक दोर पाण्यातून वर ओढून घ्यायचा, तो तळाशी पक्का केलेला असतो. पाठ बांधली आणि तोंड बांधलं, की होडी लागली. हे काम एकटीचं नाही. सुकाणूवर ती राहणार, दोरांसाठी आणखी एक माणूस पाहिजे. तिची एक मैत्रीण येणार होती, ती ऐनवेळी तापाने पडली. मी तेव्हा लेकीकडे महिनाभरासाठी गेलेलो, खुर्चीत बसून वाटाणे सोलत होतो. लेक माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, ‘काय पाहून राह्यली?’ ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही उभे राहा बरं जरा.’

दोन दिवस तिनं मला दोर बांधायला शिकवलं. गच्चीच्या कठड्याला, खुर्चीच्या पायाला, एकदा तर झोपाळ्याला बांधून ठेवलेला दोर तिलाच सुटेना. मग म्हणाली, ‘बाबा, तुमच्याकडे दोनच कामं. एक, मी सांगेन तेव्हा दोर फेकायचा. दुसरं, मी सांगेन तेव्हा गप्प राहायचं.’

‘दुसरं मले येते.’

‘दुसरंच तं येत नाई तुम्हाले.’

मालकांनी माझे हात पाहिले. उलटे करून, सुलटे करून. काय वाटलं कोण जाणे, मान डोलावली. लेक मला ‘बाबा’ म्हणते हे ऐकून ते मलाही बाबाच म्हणू लागले, त्यांना ते माझं नाव वाटलं. मी त्यांना भाऊ म्हणायचो. दोन दिवस आमचं बोलणं एवढंच, भाऊ आणि बाबा, आणि दोघांना पुरत होतं.

मार्सेयच्या समोर समुद्रात पांढऱ्या खडकांची बेटं आहेत. आदल्या दिवशी आम्ही तिथं मुक्कामाला होतो. सकाळी निघायची वेळ झाली, लेकीने दोर सोडायला सांगितला, आणि माझ्याकडून एक गोष्ट आपोआप झाली. मी दोर सोडलाच नाही. होडीच्या टोकावर उभा राहिलो, तोंड पाण्याकडे केलं आणि हाक दिली. ‘ओऽऽऽ’. आणि थांबलो.

‘बाबा, काऊन ओरडून राह्यले?’

‘ओरडत नाई. पलीकडून आवाज येते का पाहून राह्यलो.’

‘तुमी तोंड केलं तिकडं आफ्रिका हाय, बाबा.’

भाऊ त्या वेळी चहा पीत होते, त्यांना ठसका लागला. ते हसले म्हणून लेकही हसली, पण हसणं ओठांपर्यंतच होतं. आफ्रिकेकडून उत्तर आलं नाही. आम्ही निघालो.

आता ही सवय मला कुठून लागली हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण मला सांगायला आवडेल. आपल्या नदीवर कोणी कधी उत्तर आल्याशिवाय लाकडी डोंगा लोटला नाही. अलीकडच्या काठावरून हाक, पलीकडून ‘ओ’. तो ‘ओ’ लांब आला तर पाणी सरळ आहे, तुटका आला तर मधे ओढ आहे, आलाच नाही तर घरी जाऊन भाकरी खा, आजचं जाणं रद्द. पहिल्या हाकेला उत्तर आलं की दुसरी हाक, ‘निघालो’, आणि तिचंही उत्तर आल्यावरच काठ सोडायचा. हे आम्हाला चालायला येण्याआधी ठाऊक होतं. माझे वडील जंगलखात्यात नाकेदार, आमचं घर शाळेच्या बाजूला, आणि निम्मी शाळा नदीपलीकडच्या माडिया पाड्यांवरची. आषाढ लागला की डोंगा बंद. निम्मी शाळा तिकडे, निम्मी इकडे, मधे लाल पाणी. दुसऱ्या कोणी मास्तराने हजेरीवर गैरहजर लिहिलं असतं आणि पाऊस थांबायची वाट पाहिली असती. तुम्ही छत्री घेतली आणि काठावरच्या काळ्या खडकावर जाऊन उभे राहिलात. तुम्ही हाक देता आणि पलीकडची मुलं बेहड्याच्या झाडाखाली गोळा होतात, अंगावर पळसाच्या पानांची इरली, लांबून चालती झुडपं वाटतात. आम्ही अलीकडचे तुमच्या मागे उभे. आणि शाळा भरते.

गणित पाण्यावरून जात नाही, हे पहिल्या आठवड्यात कळलं. तुम्ही सात म्हणायचात, पलीकडे आठ पोचायचे. इतिहासाचंही तेच, राजे मधेच वाहून जायचे. पोचल्या फक्त कविता, आणि त्याही सगळ्या नाही. मग तुम्ही वाचनमालेतल्या कवितांचे दोन भाग केलेत, पाण्यावरून जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या. ज्यांत आ, ओ, ए लांब बसलेले, त्या जातात. जोडाक्षरांनी भरलेल्या पंडिती कविता पहिल्याच धारेला बुडतात. एवढी मोठमोठी माणसं कवितांवर लिहितात, पण कवितेची ही परीक्षा कुणी केलेली मी अजून वाचली नाही. मला आजही एखादी नवी कविता आवडली की मी मनात तिला नदीकाठी नेऊन उभी करतो. ही जाईल का पलीकडे? पुष्कळशा नाही जात. तुम्ही एक ओळ द्यायचात, आम्ही अलीकडचे ती म्हणायचो, आणि मग थांबायचं, पाऊस ऐकत, आणि थोड्या वेळाने तीच ओळ पलीकडून परत यायची, पाण्याने धुतल्यासारखी, थोडी माडिया वळणाची. त्या थांबण्यात जे वाटायचं ते मला नंतर कुठल्याच कविसंमेलनात वाटलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी खडकावर चढून जिवाच्या आकांताने किंचाळलो होतो. तुम्ही छत्री बाजूला केलीत आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालात, ‘काऊन किंचाळून राह्यला बे? वाघ लागला का मागं? ओरडणाऱ्याचं कोणी ऐकत नाई, त्याले घाबरतात नाई तं हसतात. हाक दे. पाण्याकडं पाहू नको, पाणी खाते आवाज. पलीकडच्या झाडाच्या शेंड्याकडं पाह्य. पयले नुसता ओ धाड, तेचा कान तुह्याकडं वळू दे. कान वळला की मंग शब्द.’ मी रडवेला झालो. संध्याकाळी तुम्ही मला घरी बोलावलंत. तुमच्या स्वयंपाकघरात चुलीशी बाई बसल्या होत्या, निखाऱ्यावर बेहड्याची फळं भाजत होत्या, घशाला ती चांगली म्हणून. तुम्ही एक भाजलेली साल माझ्या तोंडात घातलीत आणि म्हणालात, चघळ, गिळू नको. तुरट, राखेच्या चवीची. बाई म्हणाल्या, ‘लेकराले आज उगाच बोलले तुमी.’ तुम्ही म्हणालात, ‘उगाच नाई. ह्याचा आवाज जाते. म्हणून बोललो.’ गुरुजी, आयुष्यात मला शाबासक्या फार मिळाल्या नाहीत. वजनकाट्यावर शाबासकी कोण देतो. क्रशरचा तो आवाज, डंपरांची ती घरघर, तिथं माणूस हातवारे करून बोलतो. मी तीस-एक वर्षं त्या घरघरीखाली तोंडातल्या तोंडात तुमच्या कविता म्हटल्या. कुणाला ऐकू गेल्या नाहीत, हे बरंच होतं, साहेबाला वाटलं असतं हा हिशेब चुकवतो आहे.

तर मार्सेय. समुद्रातून शहर आधी पांढरं दिसतं, मग पिवळसर, मग त्यात खिडक्या उमटतात. टेकडीवर एक देऊळ आहे, त्याच्या शेंड्यावर सोन्याने मढवलेली माउली, कडेवर लेकरू. बंदराच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन दगडी किल्ले, आणि मधून पाण्याची गल्ली. त्या गल्लीतून आत गेलं की एकदम शहराच्या अंगणात. तिन्ही बाजूंना इमारती, हॉटेलं, माणसं, मासळीबाजार, आणि मधे होड्यांचे खांबच खांब. आलापल्लीच्या वाटेवर शिशिरात सागाचं रोपवन पाहिलं असेल, पानं गळालेलं, नुसती सरळ खोडं आभाळात? ते इथं पाण्यावर लावलेलं. वाऱ्याने त्या खांबांवरचे दोर वाजत होते, किणकिण किणकिण, गुरं घरी येताना गळ्यातल्या घंटा वाजतात तसे. मला बघतच राहावंसं वाटलं. लेक म्हणाली, ‘बाबा, शीड गुंडाळलं नं? मंग दोर हातात घ्या. आता पाहू नका.’

वारा सुटला होता. तिकडचा एक नावाजलेला वारा आहे, उत्तरेकडून डोंगर उतरून येतो, आणि आला की शहरातल्या माणसांच्या टोप्यांचं काही खरं नसतं. लेकीने बंदरवाल्यांना बिनतारी यंत्रावरून विचारलं, त्यांनी जागा सांगितली. तरंगत्या धक्क्यावर, दोन मोठ्या होड्यांच्या मधे एक फट. मला ती फट दारासारखी नाही, खिडकीसारखी वाटली. धक्क्यावर निळा सदरा घातलेला बंदराचा एक माणूस आमचा दोर घ्यायला येऊन उभा राहिला. भाऊ होडीच्या आतल्या पायऱ्यांवर बसले होते, मांडीवर वाडगा, त्यातले ऑलिव्ह एकेक करून खात होते आणि बिया पुन्हा वाडग्यात टाकत होते. लेक फटीच्या पुढे गेली, इंजिन मंद केलं, आणि होडीची पाठ फटीकडे वळवायला लागली. ती छान वळत होती. मी बापाच्या नजरेने सांगत नाही, भाऊंनी खाणं थांबवलं होतं.

आणि तेवढ्यात समोरच्या धक्क्यावरून लोकांना किनाऱ्याची सैर घडवणारी एक मोठी दुमजली बोट मागे सरायला लागली. सरळ आमच्यावर. तिचा चालवणारा उंच खोलीत, त्याचं तोंड पलीकडच्या बाजूला, तिकडे काही लहान होड्या होत्या त्या तो सांभाळत होता. चूक कुणाची म्हणायची नाही, गर्दीच तशी होती. आमच्या पुढे दोन लहान बोटी येऊन अडकलेल्या. मागे फट, पण वाऱ्याने आमचं तोंड फिरवलेलं, फटीत आडवं कसं शिरणार? लेकीने भोंगा उचलला आणि दाबला. त्याच्यातून पुस्स असा आवाज आला, हवाच संपलेली. तिने पुन्हा दाबला. तिचा चेहरा पांढरा झाला. मी मागे वळलो तर भाऊ उठून उभे राहिले होते. वाडगा खाली ठेवलेला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला होता आणि तोंड उघडलं होतं. त्यांना बोलणं भागच होतं, माणसांच्या जिवाचा प्रश्न होता. पण त्यांच्या तोंडातून शब्द निघाला की लेकीची होडी गेली. लेकीने ते पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात, अगदी हळू म्हणाली, ‘बाबा, तुमीच.’

मी पाण्याकडे पाहिलं नाही. त्या बोटीकडेही नाही. बोटीच्या मागच्या इमारतींच्या कौलांकडे पाहिलं, आणि ओ दिला. ‘ओऽऽऽऽ’. गुरुजी, तो आवाज माझा आहे हे मला थोड्या वेळाने कळलं. बाहेर पडला तो मुळी म्हाताऱ्याचा नव्हताच. इतकी वर्षं क्रशरखाली दडपून ठेवलेलं सगळं एकदम मोकळं झालं. कौलांवरचे पांढरे पक्षी उडाले. हॉटेलात बसलेली माणसं उभी राहिली. आणि उंच खोलीतल्या त्या माणसाचं डोकं वळलं. कान वळला, मग मी शब्द दिला, ‘वाऽऽट देऽऽ’. मराठीतून. दुसरी भाषा सुचली नाही आणि सुचायची गरजही पडली नाही. त्याने आम्हाला पाहिलं. बोटीच्या बुडाखाली पाणी ढवळलं, फेस आला, आणि ते एवढं मोठं धूड जागच्या जागी थांबलं. त्याने खोलीतून हात वर केला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण त्या बोटीच्या वरच्या मजल्यावर सैरेला निघालेली माणसं कठड्याला दाटी करून उभी होती, गवती टोप्या घातलेली, निरनिराळ्या देशांची. त्यांतल्या एका जाड्या बाईने हात तोंडाशी नेला आणि मला उत्तर दिलं. ‘ओऽऽऽ’. मग तिच्या शेजारच्याने. मग सगळ्या कठड्याने. पाण्यावरून तो ओ आला, लांब, सरळ, मधे कुठे न तुटलेला. आता सांगा, आपल्या बाजूच्या माणसाने अशा वेळी काय करावं? पहिल्या हाकेला उत्तर आलं की दुसरी हाक द्यायची असते. दुसरी न देता काठ सोडणं म्हणजे पलीकडच्याचा अपमान. मी रीतसर हाक दिली, ‘निघालोऽऽ’. आणि उत्तराची वाट पाहत उभा राहिलो.

‘बाबा, दोर!’

लेकीने तेवढ्या अवधीत होडीचं तोंड सरळ करून घेतलं होतं आणि आम्ही पाठमोरे फटीत शिरत होतो. दोन्ही बाजूंना हातभर अंतर. निळ्या सदऱ्याचा माणूस वाकून, हात लांब करून काहीतरी सांगत होता, बहुधा फेका म्हणत होता. पण दुसरं उत्तर आल्याशिवाय मी कसा हलणार? ‘थांब नं, येऊन राह्यलं,’ मी लेकीला म्हणालो. ‘काय येऊन राह्यलं?’ तिने विचारलं, आणि तेवढ्यात ते आलं. या खेपेला बोटीवरूनच नाही, हॉटेलांतूनही, धक्क्यावरूनही, शेजारच्या लाखमोलाच्या होड्यांवरूनही. सगळं बंदर ‘ओऽऽऽ’ म्हणालं. दुसऱ्या हाकेचं उत्तर पोचलं. मी वळलो आणि दोर फेकला. पहिला पाण्यात पडला, हेही सांगून टाकतो. निळा सदरा हसला. ओला दोर गोळा करून दुसऱ्यांदा फेकला, तो त्याच्या छातीवर बसला, आणि त्याने तो खुंट्याला टाकला. पाठ बांधली गेली. मग त्याने पाण्यातून वर काढलेला दुसरा दोर मी आकड्याने घेतला, शेवाळाने बुळबुळीत, शिंपल्यांनी खरबरीत, आणि तो धरून होडीच्या टोकापर्यंत चालत गेलो. तळहात सोलला. ओढला, ताणला, बांधला, खुर्चीच्या पायाला बांधला होता तसाच. लेकीने इंजिन बंद केलं. होडी हलली नाही. दोन मोठ्या होड्यांच्या मधे आमची निळ्या पट्ट्याची होडी अशी बसली होती की जणू ती फट तिच्यासाठीच मोजून ठेवली होती.

भाऊ अजून उभेच होते, तोंड मघाशी उघडलं होतं ते आता मिटलेलं. ते सावकाश लेकीकडे गेले. खिशातून होडीच्या किल्ल्या काढल्या, त्यांना बुचाच्या लाकडाचा एक गोळा लावलेला असतो, पाण्यात पडल्या तर तरंगाव्यात म्हणून. तो गोळा तिच्या हातात ठेवला आणि तिची बोटं स्वतःच्या हाताने मिटवली. तरीही बोलले नाहीत. लेकीने मग मला तिकडच्या भाषेत न सांगता आपल्या भाषेत सांगितलं, ‘बाबा, झालं जी.’ एवढं म्हणून ती सुकाणूजवळ खाली बसली आणि दोन्ही तळहातांनी लाकडावर थोपटत राहिली, गाईच्या पाठीवर थोपटतात तसं. शेवटी भाऊंनी तोंड उघडलं. त्यांचं वाक्य लेकीने मला समजावून सांगितलं. ते म्हणाले, मी आता काय करू? मग आम्ही तिघांनी मिळून ठरवलं की दर शनिवारी त्यांनी यायचं आणि ऑलिव्ह खायचे. त्या संध्याकाळी हॉटेलवाल्याने आम्हाला माशाचा रस्सा पाजला, आणि जाता-येता लोक मला बघून ‘ओऽऽ’ म्हणत होते, आणि मी प्रत्येकाला उत्तर देत होतो, कारण न देणं आपल्यात बसत नाही. लेक म्हणाली, ‘आता पुरे, बाबा.’ मी म्हणालो, ‘तू उत्तर देत नाईस म्हणून मले द्या लागते.’ मग तीही देऊ लागली. तिचाही आवाज जातो, गुरुजी. मला माहीत नव्हतं. तिच्या आईने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आता तं घरी येता ना?’

मी परत आलो त्याला आता पंधरवडा झाला. ओट्यावर बसून हे लिहितो आहे, अंगणातल्या पेरूवर नेहमीची सिमेंटची भुरी आहे, खाणीकडून भोंगा झाला, सुरुंगाची धाड झाली, खिडकीची काच थरथरली. हे पत्र कुठे टाकायचं? भामरागडच्या त्या शाळेला आता पक्की इमारत आहे म्हणे, नदीवर पूल आहे, पलीकडची पोरं पावसाळ्यातही चालत येतात. त्यांना काठावर उभं राहून कविता म्हणाव्या लागत नाहीत, आणि ते योग्यच आहे. घडी करून मी हे ट्रंकेत ठेवीन. पण ठेवण्याआधी एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर वरचं सगळं वाचून तुमचा गैरसमज होईल. मी तुमचा खडक, तुमची छत्री, बाईंची चूल, पळसाच्या पानांची इरली हे सगळं इथं नीट जोडून लिहिलं, पण ते इथं बसून जोडलं आहे. त्या दिवशी बंदरात ती बोट आमच्यावर येत होती, लेकीने ‘तुमीच’ म्हटलं आणि मी तोंड उघडलं, तेव्हा मला तुमची आठवण आली नव्हती. नदीचीही नाही. खरं म्हणजे कुणाचीच आली नाही, गुरुजी. फार मजा आली.